पावसात मुकी होणारी आकाशवाणी

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. दिवेलागणीची वेळ होती. आई ओसरीवरच्या बाजेवर बसून ‘रागम’ वाहिनीवरील बासरीवादन ऐकत होती आणि सेलूच्या बाजूने आभाळ भरून येत होते. पावसाचे पहिले टपोरे थेंब न्हाणीच्या पत्र्यावर वाजू लागले आणि दुसऱ्याच मिनिटाला बासरी तुटली. आवाज हळूहळू लहान झाला नाही, खरखर आली नाही. कोणीतरी दार लावून घ्यावे तसे सारे एकदम शांत झाले. ‘लाईन गेली का रे?’ असे आईने विचारले. लाईन गेलेली नव्हती. पंखा फिरत होता, डिशच्या सेट-टॉप बॉक्सवरचा दिवा हिरवा होता. गेला होता तो उपग्रहाकडून येणारा सिग्नल, आणि वीस मिनिटांनी पाऊस ओसरल्यावर तो आपला आपण परत आला.

त्या पावसाळ्यात हे आठ-दहा वेळा घडले. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे, तिला वाचता येत नाही इतकी दृष्टी मंदावली आहे आणि दिवसातील सहा-सात तास तिची सोबत रेडिओच करतो. त्यामुळे उपग्रहावरून येणारा रेडिओ घरी नीट आणि सलग ऐकू यावा, यासाठी मी गेले वर्षभर जे काही केले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. डिश बसवणे हा माझा व्यवसाय नाही, परंतु या विषयात मी मनापासून बुडालो आहे.

आधी हे सांगायला हवे, की साधा रेडिओ सोडून आम्ही डिशकडे का वळलो. आकाशवाणीचे परभणी केंद्र आमच्या घरी मध्यम लहरींवर वर्षानुवर्षे लागत असे. वडील हयात असताना पहाटेची भक्तिगीते आणि संध्याकाळचा शेतीविषयक कार्यक्रम यांवरच घराचे घड्याळ चालत असे. पुढे घरात एलईडी दिवे आले, प्रत्येकाचा मोबाइल चार्जर आला, इन्व्हर्टर आला, आणि या सगळ्यांच्या आत असलेल्या स्विचिंगच्या सर्किटांनी मध्यम लहरींवर असा गोंगाट सुरू केला की केंद्र जवळ असूनही बोलणे समजेनासे झाले. मी रेडिओ अंगणातील कडुलिंबाखाली नेऊन लावला की तो स्वच्छ लागे. पण आईला रोज लिंबाखाली नेऊन बसवणे शक्य नव्हते. डीडी फ्री डिशच्या बॉक्समध्ये दूरदर्शनच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्याही अनेक वाहिन्या असतात, त्यांना दरमहा पैसे पडत नाहीत आणि रिमोटवरील रेडिओचे बटण दाबले की त्यांची यादी उघडते, हे मला ठाऊक होते. विविध भारती, मराठी वाहिनी आणि २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झालेली शास्त्रीय संगीताची ‘रागम’ या तिन्ही वाहिन्या आईच्या आवडीच्या निघाल्या, आणि तेव्हापासून आमच्या घरात उपग्रह रेडिओ आला.

खरे तर तो दुसऱ्यांदा आला. २००६ साली मी वर्ल्डस्पेसचा रेडिओ घेतला होता. वाचकांपैकी काहींना तो आठवत असेल: मूळचे इथिओपियाचे असलेले नोआ समारा यांनी उभी केलेली ती सेवा होती, २००० सालच्या मार्चमध्ये सोडलेल्या एशियास्टार या उपग्रहावरून ती आपल्याकडे येत असे, आणि तिच्यावरील ‘गांधर्व’ वाहिनीने माझ्या कित्येक रात्री सुरेल केल्या. कंपनी २००८ साली दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. त्या रात्री मी बारा वाजेपर्यंत जागा होतो. या रेडिओला डिश नव्हती; तळहातापेक्षा थोडा मोठा, चपटा अँटेना पूर्वेच्या खिडकीत ठेवून तो आग्नेय आणि पूर्व यांच्या मधोमध, साधारण पन्नास अंश वर रोखला की काम होत असे. धो धो पावसातही तो कधी बंद पडल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे उपग्रह रेडिओचा आणि पावसाचा काही संबंध नसतो, अशी माझी ठाम समजूत झाली होती, आणि गेल्या जुलैत तिनेच मला बराच काळ चुकीच्या दिशेने शोध घ्यायला लावले.

फरक लहरींच्या लांबीत आहे. वर्ल्डस्पेस ज्या एल बँडवर, म्हणजे १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असे, तेथे लहरीची लांबी सुमारे २० सेंटिमीटर असते. दोन-चार मिलिमीटरच्या पावसाच्या थेंबाला ती जवळजवळ ओळखतही नाही. फ्री डिश चालते ती केयू बँडवर, ११ गिगाहर्ट्झच्या पुढे-मागे, आणि तेथे लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. एवढ्या आखूड लहरीची ऊर्जा थेंब शोषून घेतात आणि विखुरतात. शिवाय पावसाचा ढग स्वतःही थोडा गोंगाट सोडतो, त्यामुळे एकीकडे सिग्नल घटतो आणि दुसरीकडे गोंगाट वाढतो. साध्या सरीत हे नुकसान सोसण्यासारखे असते. वळवाच्या किंवा ढगफुटीसारख्या पावसात ते मोठे होते.

आता यातली खरी मेख. जुन्या रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढत असे आणि आपला कान आपल्याला वेळेवर सावध करत असे. डिजिटल रेडिओत तसे होत नाही. आवाज आकड्यांच्या रूपात येतो; बॉक्स त्या आकड्यांतील चुका दुरुस्त करत राहतो आणि त्याची दुरुस्तीची ताकद पुरते तोपर्यंत आवाज अगदी निर्मळ येतो. ती संपली की एक-दोन चिरचिरे आवाज होतात आणि मग पूर्ण शांतता. याचा अर्थ असा, की निरभ्र दिवशी उत्तम ऐकू येणारी डिश काठावर उभी असू शकते आणि तिच्याकडे पाहून ते कोणालाही कळत नाही. उपग्रह रेडिओचे ग्रहण सुधारणे म्हणजे आवाज सुधारणे नव्हे. आवाज आधीच चांगला असतो. सुधारायची असते ती पावसासाठी हाताशी राहणारी शिल्लक. ही गोष्ट मला उमगली तेव्हा पुढचे सगळे काम सोपे झाले.

बसवणाऱ्या मुलाला मी दोनदा बोलावले होते. तो कष्टाळू आहे, पण दोन्ही वेळा त्याने टीव्हीवर सिग्नलचा पडदा उघडून ‘सर, ९२ टक्के आहे, डिश बरोबर आहे’ एवढेच सांगितले आणि तो निघून गेला. त्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात: एक स्ट्रेंग्थची आणि दुसरी क्वालिटीची. तो पहिली वाचत होता. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ऊर्जा पोचते ते; तिच्यात हवा तो सिग्नल आणि नको तो गोंगाट दोन्ही मिसळलेले असतात. डिशच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडून वाढवणारा भाग, स्वतःच इतके प्रवर्धन करतो की डिश आभाळाच्या रिकाम्या भागाकडे वळवली तरी ही पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसते. मी ते स्वतः करून पाहिले. माझ्या बॉक्सवर डिश भलतीकडे असताना स्ट्रेंग्थ ७८ होती आणि क्वालिटी शून्य. शिल्लक मोजायची तर क्वालिटीची पट्टी पाहावी लागते. गेल्या जुलैत माझ्याकडे ती ५१ होती. हे आकडे प्रत्येक बॉक्सचे वेगळे असतात, त्यामुळे माझ्या ५१ ची दुसऱ्याच्या ५१ शी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच बॉक्सवर आजचा आकडा कालच्यापेक्षा वाढला का, एवढेच पाहावे.

काम मी खांबापासून सुरू केले. आमचे जुने घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहे. माळवदावर खांब कसा उभा करायचा, हा मराठवाड्यातील कितीतरी घरांचा प्रश्न आहे, कारण मातीच्या धाब्यात बोल्ट धरत नाही. बसवणाऱ्याने तीन पायांचा लोखंडी स्टँड ठेवून त्यावर दगड रचले होते. उन्हाळ्यात माती भुसभुशीत होते, पावसाळ्यात ती बसते, वानरांची टोळी आली की त्यातले एखादे डिशवर बसून जाते, आणि स्टँड दर वेळी केसभर कलतो. केसभर म्हणजे किती, याचा मी हिशेब मांडला. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर या लहरींसाठी साधारण तीन अंश रुंद असते. ती मध्यापासून दीड अंश ढळली की सिग्नल निम्मा होतो. दोन इंची खांबावर दीड अंश म्हणजे क्लँपचे फक्त अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक सरकणे. हा आकडा कागदावर आला तेव्हा मी माळवदाचा नाद सोडला आणि मागच्या दगडी भिंतीत, सिमेंटमध्ये दोन ब्रॅकेट बसवून त्यांत खांब धरवला.

खांब ओळंब्यात असणे फार महत्त्वाचे आहे, आणि हेच काम सर्वांत जास्त वेळा वगळले जाते. गवंड्याकडून ओळंबा मागून आणावा आणि खांब दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, तपासून घ्यावा. खांब तिरपा असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना ती नकळत वर-खालीही होते, आणि मग दोन्ही दिशा एकाच वेळी जुळवण्यात दुपार जाते.

फ्री डिशच्या वाहिन्या सध्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. परभणीच्या अक्षांश-रेखांशांवरून मी कोन काढले: उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजले तर सुमारे १३८ अंश, म्हणजे जवळजवळ थेट आग्नेय, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. लातूर, नांदेड, बीड किंवा जालन्यात हे कोन दोन-चार अंशांनीच बदलतात. दिशा मोबाइलमधील होकायंत्राने पाहिली तरी चालते, मात्र खांबापासून आणि पत्र्यापासून सात-आठ फूट दूर उभे राहून पाहावी, कारण लोखंडाजवळ होकायंत्र भरकटते. आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. आपल्या घरांवरच्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, एलएनबी खालच्या दांड्यावर असतो आणि डिशची नजर तिच्या तोंडापेक्षा पंचवीसेक अंश वर असते. त्यामुळे नीट बसवलेली डिश पाहणाऱ्याला उपग्रहापेक्षा बरीच खाली बघत असल्यासारखी वाटते, आणि कोणीतरी शहाणा माणूस ती ‘आभाळाकडे’ वळवून ठेवतो. आमच्याकडे हे एकदा घडले आहे.

दिशा जुळल्यावर क्वालिटी ५१ वरून ६० वर गेली. पुढची मोठी उडी एलएनबी स्वतःभोवती फिरवल्यावर मिळाली, आणि त्याकडे आजवर कोणीच लक्ष दिले नव्हते. फ्री डिशचे सिग्नल उभ्या ध्रुवणाचे असतात, म्हणजे त्यांच्या लहरींचे कंपन उभ्या दिशेत असते. परंतु उपग्रहाचे ‘उभे’ म्हणजे आपले उभे नव्हे. तो आपल्यापासून पूर्वेला सोळा-सतरा अंश रेखांशांवर असल्यामुळे त्याचे उभे-आडवे आपल्याला कललेले दिसते, आणि आपल्या भागातून हा कल चाळीस अंशांच्या आसपास येतो. डिशच्या मागे उभे राहून आग्नेयेकडे तोंड केले तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने तेवढा फिरवावा लागतो. माझा एलएनबी सरळ, शून्यावर आवळलेला होता. पकड सैल करून मी तो पाच-पाच अंशांनी फिरवत गेलो, खाली नात टीव्हीसमोर बसून आकडा ओरडून सांगत होती, आणि ६० चे ७१ झाले. एक रुपयाही खर्च न होता एवढी वाढ दुसऱ्या कशानेच मिळाली नाही.

येथे एक अडचण येते. आकडा जसजसा वर जातो तसतशी पट्टी आळशी होते. डिश थोडी हलवली तरी ती ७१ च दाखवते आणि खरा मध्य कुठे आहे ते सापडत नाही. त्यावर ओल्या कापडाचा उपाय आहे. आईचा एक जुना सुती पंचा मी पाण्यात बुडवून, पिळून एलएनबीच्या तोंडावर एक पदर गुंडाळला. पाणी ही लहर शोषून घेते, त्यामुळे क्वालिटी झटकन ३० च्या घरात उतरली, आणि त्या पातळीवर डिशची सूतभर हालचालही पट्टीवर दिसू लागली. पंचा तसाच ठेवून मी डिश आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली फिरवून मध्य शोधला, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले (एकच नट पूर्ण आवळला तर डिश त्या बाजूला ओढली जाते), आणि मगच कापड काढले. या उपायाचा दुसरा फायदा असा, की घरबसल्या पावसाची परीक्षा घेता येते. निरभ्र दुपारी ओला पंचा बांधल्यावर ‘रागम’ चालू राहिली तर बऱ्याच सरी निभावतील असे समजावे; बंद पडली तर शिल्लक अजून कमी आहे. जुलैतल्या स्थितीत एका पदराने ती बंद पडली असती, याबद्दल मला शंका नाही. त्या दिवशी ती दोन पदरांपर्यंत चालली.

केबलविषयी फार लिहीत नाही. आरजी-६ केबल वापरावी आणि मध्ये जोड नसावा. वीस-पंचवीस मीटर लांबीने फारसे बिघडत नाही, कारण एलएनबीने सिग्नल आधीच पुष्कळ वाढवलेला असतो. मात्र केबलमध्ये शिरणारे पाणी वाईट असते. मी एलएनबीवरचा एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा जोड, उघडला तेव्हा आतल्या तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढला होता आणि जाळीची वेणी काळी पडून बोटाने चुरत होती. मेमधील आपल्या उन्हाने केबलचे वरचे आवरण तडकते, त्या तडीतून जूनचे पाणी आत जाते आणि केबलच्या आतून झिरपत कनेक्टरपर्यंत, कधीकधी बॉक्सपर्यंतही येते. मी दोन फूट केबल कापून नवा कनेक्टर लावला, त्यावर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळली आणि कनेक्टरच्या खाली केबलला झोका दिला, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी जमून तेथूनच ठिबकते. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपीही अवश्य तपासावी. माझ्या टोपीला चीर होती आणि तिच्या आडोशाला कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. ते काढून नवा एलएनबी बसवल्यावर आकडा ७१ वरून ७६ झाला. यातील श्रेय कनेक्टरचे किती आणि एलएनबीचे किती, हे मला वेगळे करता आलेले नाही.

आता झाडांविषयी. डिशसमोर फांदी असेल तर केयू बँडवर तिची ओली पाने भिंतीसारखीच आडवी येतात. पण आपल्याकडे उपग्रह ६० अंश उंच असल्याने त्याची वाट मोकळी असणे तितके अवघड नाही: अडथळा डिशपेक्षा जितका उंच असेल त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त अंतरावर तो असला की पुरते. डिशपेक्षा पंधरा फूट उंच झाड नऊ फुटांवर असले तरी चालते. तरीही वाट खरोखर मोकळी आहे की नाही, हे पाहण्याचा एक सुंदर मार्ग आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य काही दिवस, काही मिनिटांसाठी आपल्या दृष्टीने बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. परभणीसाठी मी काढलेल्या हिशेबाप्रमाणे हे ११-१२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराला पाच मिनिटे कमी असताना घडते. त्या वेळी सूर्याच्या प्रचंड गोंगाटात सिग्नल बुडतो आणि रेडिओ थोडा वेळ बंद पडतो. त्यात आपल्या डिशचा दोष नसतो. परंतु त्याच क्षणी सूर्यकिरण ज्या वाटेने डिशवर पडतात, तीच सिग्नलची वाट असते. म्हणून त्या वेळी डिशवर कशाची सावली पडते ते पाहावे. गेल्या मार्चमध्ये मी माळवदावर जाऊन उभा राहिलो, तेव्हा डिशच्या वरच्या काठावर लिंबाच्या एका फांदीची जाळीदार सावली हलत होती. खालून पाहताना ती फांदी कितीतरी बाजूला वाटत असे. ती तोडली. मार्चमध्ये लिंबाची पाने झडलेली असतात, त्यामुळे तेव्हा विरळ दिसणारी ही सावली जुलैत दाट झाली असती, हे लक्षात घेऊनच हा निर्णय घेतला.

बॉक्सच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. एलएनबीला लागणारी वीज बॉक्स केबलमधूनच पाठवतो, आणि उभ्या ध्रुवणासाठी ती १३ व्होल्ट असते. ॲडॉप्टर जुना झाला की हा दाब खाली येतो. संध्याकाळी गावातील व्होल्टेज पडते तेव्हा रेडिओ बंद पडू लागला तर डिशवर चढण्याआधी ॲडॉप्टर बदलून पाहावा. माझा बॉक्स १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतो, त्यामुळे भारनियमनाच्या वेळी मी तो थेट बॅटरीवर जोडतो. आवाजासाठी टीव्ही चालू ठेवण्याची गरज नाही; बॉक्सच्या मागील लाल-पांढऱ्या पिनांतून एक तार लहान स्पीकरला दिली आहे, आणि आईच्या तीन वाहिन्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून रिमोटजवळ टांगले आहेत. ते तिला दिसत नाहीत, पण घरातल्या कोणालाही पडद्याशिवाय वाहिनी लावून देता येते. घड्याळ मात्र या रेडिओवरून लावू नये. मध्यम लहरींवरचा रेडिओ आणि बॉक्स शेजारी ठेवून मी ऐकले आहे. बॉक्सवरील आवाज काही सेकंद मागून येतो. उपग्रहापर्यंत जाऊन येण्यात पाव सेकंदच जातो, बाकीचा वेळ आवाजाचे आकडे करण्यात आणि ते पुन्हा उलगडण्यात जातो.

विजांचे वादळ जवळ येण्याआधीच केबल बॉक्समधून आणि ॲडॉप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा, आणि वादळात डिश हलली म्हणून कोणीही माळवदावर किंवा गच्चीवर चढू नये. आपल्या भागात मृगाच्या आधीच्या वादळांत विजेने माणसे दगावतात. रेडिओ तासभर बंद राहिला तर काही अडत नाही. आईने हे लगेच मान्य केले.

मोठी डिश घ्यावी का, असे मला दोघा-तिघांनी विचारले आहे. घ्यावी, पण सर्वांत शेवटी. ६० च्या जागी ९० सेंटिमीटरची डिश घेतली तर सिग्नल गोळा करणारे क्षेत्र सव्वादोन पट होते, आणि ही वाढ मोठीच आहे. परंतु मोठ्या डिशची नजर त्याच प्रमाणात अरुंद होते, वाराही ती जास्त धरते, आणि डुलणाऱ्या खांबावरची ९० ची डिश घट्ट खांबावरच्या ६० पेक्षा वाईट चालते. मी ती या एप्रिलमध्ये, भिंतीतला खांब उरलेला पावसाळा आणि हिवाळा जागचा हलला नाही याची खात्री झाल्यावरच बसवली. क्वालिटी आता ८४ आहे. यंदाच्या जून-जुलैत रेडिओ दोनदाच बंद पडला, दोन्ही वेळा समोरचा लिंबही दिसू नये असा पाऊस होता, आणि पाच-सात मिनिटांत तो परतही आला. बासरी तुटते तेव्हा आई आता लाईनविषयी विचारत नाही. ‘पाऊस जोराचा दिसतो’ एवढेच म्हणते.

गेल्या आठवड्यात शेजारचे तात्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांना घरावर दुसरा मजला चढवायचा आहे आणि त्यांचे घर आमच्या नेमके आग्नेयेला आहे. ‘गुरुजी, आमची भिंत तुमच्या डिशला आडवी तर येणार नाही ना? आईंचा रेडिओ बंद पडायला नको,’ असे त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी टेप धरून मोजले. नवी भिंत डिशपेक्षा दहा फूट वर जाईल, म्हणजे तिला सहा फुटांचे अंतर पुरते. आमच्यात चौदा फूट आहेत. वरच्या पाण्याच्या टाकीचे चार फूट धरले तरी आठ फुटांत भागते. हे सर्व मी त्यांना कागदावर काढून दाखवले. तरीसुद्धा तात्यांनी गवंड्याला टाकी दक्षिणेऐवजी पूर्वेच्या कोपऱ्यात बसवायला सांगितली आहे, आणि १ ऑक्टोबरला सकाळी पावणेअकराला माझ्याबरोबर सावली पाहायला ते माळवदावर येणार आहेत.